विश्वाचा शेवट सांगणारी पुस्तके

माध्यमिक शाळांच्या विज्ञान शिक्षकांसाठी भरलेल्या एका प्रशिक्षण वर्गात मला ‘विश्वाचे भवितव्य’ या विषयावर बोलायला बोलावले होते. दीड तास बोलले. सूर्याचा तांबडा राक्षसी तारा होईल इथून सुरुवात केली आणि शेवटचे कृष्णविवर विरून जाईल इथपर्यंत पोचले. फळ्यावर एकावर शंभर शून्ये लिहिताना खडू दोनदा मोडला आणि त्यावर हशाही पिकला. व्याख्यान बरे झाले असे वाटत असतानाच मागच्या बाकावरचे एक ज्येष्ठ शिक्षक उभे राहिले. म्हणाले, “मॅडम, रागावू नका. आमच्या तालुक्यात परवा पाऊस पडेल की नाही, हे वेधशाळेला खात्रीने सांगता येत नाही. तुम्ही मात्र एकावर शंभर शून्ये इतक्या वर्षांनंतरचे सांगताय. मुलांनी यावर विश्वास का ठेवायचा?”

वेळ संपत आली होती. “हे सगळे गणिताने सिद्ध झालेले आहे,” असे काहीतरी बोलून मी सुटका करून घेतली. सर खाली बसले, पण त्यांचे समाधान झालेले नव्हते. आणि खरे सांगायचे तर माझेही नव्हते. माझे उत्तर चूक होते. अमुक गृहीत धरले तर तमुक घडेल, एवढेच गणित सांगते. सरांचा प्रश्न गृहीतकांविषयी होता.

घरी आल्यावर या विषयावरची चार पुस्तके पुन्हा काढली आणि तोच प्रश्न मनात ठेवून वाचली. चारही इंग्रजीत आहेत, चारही पदार्थवैज्ञानिकांनी सामान्य वाचकांसाठी लिहिलेली आहेत, आणि अनेक शिक्षक व्याख्यानाच्या तयारीसाठी अशीच पुस्तके वापरतात. त्यांत काय चांगले आहे, कुठे सावध राहावे आणि सरांच्या प्रश्नाला त्यांतून उत्तर मिळते का, हे इथे मांडते.

चहा आणि पाऊस

आधी प्रश्नाचेच पाहू. टेबलावर गरम चहाचा कप ठेवला आहे. दहा सेकंदांनी त्यावरची साय कपाच्या कोणत्या कडेला असेल? सांगता येत नाही. दोन तासांनी चहाचे तापमान किती असेल? खोलीइतके. हे कुणीही पैजेवर सांगेल. म्हणजे दूरचे भाकीत जवळच्या भाकितापेक्षा अवघडच असते असे नाही. आपण काय विचारतो, यावर ते अवलंबून असते. पावसाच्या बाबतीत सुरुवातीच्या मोजमापातली छोटी चूक झपाट्याने वाढत जाते. एडवर्ड लोरेन्झ यांनी हे १९६३ मध्ये दाखवून दिले. चहाच्या बाबतीत सुरुवातीचे फरक उलट पुसले जातात. कप थोडा अधिक गरम असला तर निवायला थोडा वेळ जास्त लागेल, इतकेच.

आता हेच आकाशाला लावून पाहा. आपली आकाशगंगा आणि शेजारची देवयानी दीर्घिका सुमारे ४ अब्ज वर्षांनी एकमेकींवर आदळतील, असे हबल दुर्बिणीच्या मोजमापांवरून २०१२ मध्ये सांगितले गेले. मी स्वतः ते अनेक व्याख्यानांत सांगितले आहे. २०२५ मध्ये संशोधकांच्या एका गटाने मोजमापांतली अनिश्चितता आणि आजूबाजूच्या लहान दीर्घिकांची ओढ हिशेबात धरून पुन्हा गणित केले. पुढच्या १० अब्ज वर्षांत टक्कर होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास निघाली. म्हणजे छापा की काटा! हे झाले पावसाच्या जातीचे भाकीत. या उलट, सुमारे एकावर १४ शून्ये इतक्या वर्षांनी नवे तारे जन्मणे थांबलेले असेल, हे चहाच्या जातीचे आहे. ताऱ्यांना लागणारा वायू मर्यादित आहे, सर्वांत काटकसरी तांबडे खुजे ताराही सुमारे एकावर १३ शून्ये इतकी वर्षेच जळू शकतो, आणि जळण संपले की विझायचे, हा हिशेब तपशिलावर फारसा अवलंबून नाही.

पण चहाच्या भाकितालाही एक अट आहे. टेबलावर कपाशेजारी दुसरे काही नाही, हे आपल्याला ठाऊक हवे. कुणी कपाखाली शेगडी पेटवली तर पैज हरलोच. म्हणून कोणत्याही भाकिताला दोन प्रश्न विचारावेत. ते चहाच्या जातीचे की पावसाच्या? आणि खोलीत काय काय आहे हे आपल्याला खरोखर माहीत आहे का? विश्वाच्या शेवटाबाबत दुसरा प्रश्न फार अडचणीचा ठरला आहे.

इस्लाम आणि डायसन

चारपैकी सर्वांत जुने पुस्तक जमाल नझरुल इस्लाम यांचे, ‘द अल्टिमेट फेट ऑफ द युनिव्हर्स’ (केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस, १९८३). इस्लाम यांचा जन्म १९३९ मध्ये आजच्या बांगलादेशातल्या झिनाइदह इथला. केंब्रिज आणि लंडन इथे संशोधन केल्यावर १९८४ मध्ये ते चितगाव विद्यापीठात परतले आणि २०१३ मध्ये निधन होईपर्यंत तिथेच राहिले. विश्वाच्या अतिदूर भविष्याविषयी त्यांनी १९७७ मध्ये शोधनिबंध लिहिला. तोवर विश्वाच्या सुरुवातीवर पुष्कळ लिहिले गेले होते. शेवटाकडे गंभीर संशोधकांचे फारसे लक्ष नव्हते. फ्रीमन डायसन यांनी १९७९ मध्ये याच विषयावर जो गाजलेला निबंध लिहिला, त्यात इस्लाम यांच्या निबंधाचा उल्लेख आहे.

इस्लाम यांच्या पुस्तकात नाट्य नाही. तारे विझतात, दीर्घिकांची मांडणी मोडते, कृष्णविवरे उरतात, तीही विरतात. एकेक पायरी ते शांतपणे उतरत जातात. आज त्यातले आकडे बदलले आहेत, तरी विचाराची शिस्त शिकवण्यासाठी मला अजूनही तेच पुस्तक जवळचे वाटते. डायसन यांनी पुढे विचारले की, अशा थंडावत जाणाऱ्या विश्वात बुद्धिमान जीव टिकेल का? त्यांचे उत्तर होते, टिकेल. विचार हळू करत गेले आणि मध्येमध्ये दीर्घ निद्रा घेतली, तर मर्यादित ऊर्जेतही अमर्याद काळ काढता येईल. हिशेब सुंदर होता. पण विश्वाचे प्रसरण कायम मंदावत राहील, हे त्यात गृहीत होते.

डेव्हिस, आणि माझे बक्षीस

पॉल डेव्हिस यांचे ‘द लास्ट थ्री मिनिट्स’ १९९४ मध्ये आले. स्टीव्हन वाइनबर्ग यांच्या १९७७ च्या ‘द फर्स्ट थ्री मिनिट्स’ या पुस्तकाला जोड म्हणून हे शीर्षक दिले, हे उघड आहे. अकरावीत असताना हे पुस्तक माझ्या हाती पडले आणि मी झपाटून गेले. त्याच्या जोरावर कनिष्ठ महाविद्यालयांच्या एका स्पर्धेत मी बोलले. फळ्यावर तीन रेषा काढल्या. विश्वातील पदार्थाची घनता एका ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल तर विश्व ‘बंदिस्त’. प्रसरण थांबेल, विश्व आकुंचन पावेल आणि महाआकुंचनात संपेल. घनता कमी असेल तर विश्व ‘खुले’. प्रसरण कायम चालू राहील. अगदी बरोबर असेल तर ‘सपाट’. वर फेकलेल्या चेंडूची उपमा दिली. हळू फेकला तर परत येतो, फार जोरात फेकला तर सुटून जातो. बक्षीस मिळाले.

वर्षभरातच, १९९८ मध्ये, ती आकृती कालबाह्य झाली. सॉल पर्लमटर यांचा एक गट, आणि ब्रायन श्मिट व अ‍ॅडम रीस यांचा दुसरा गट, दूरच्या अतिनवताऱ्यांचे तेज मोजत होते. प्रसरण किती मंदावते आहे, हे त्यांना शोधायचे होते. तारे अपेक्षेपेक्षा मंद, म्हणजेच अधिक दूर निघाले. प्रसरणाचा वेग वाढत होता! वर फेकलेला चेंडू काही काळ मंदावला आणि मग आपोआप अधिकाधिक वेगाने वर जाऊ लागला, असे हे झाले. या शोधाला २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वेग वाढवणाऱ्या घटकाला ‘कृष्ण ऊर्जा’ असे नाव आहे. ते नाव म्हणजे आपल्या अज्ञानावर लावलेली चिठ्ठी आहे. ती काय आहे, हे कुणालाच माहीत नाही.

वर्गात हे समजवायला एक सोपा हिशेब आहे. आज विश्वातील ऊर्जेचा सुमारे ७० टक्के भाग कृष्ण ऊर्जा आहे आणि सुमारे ३० टक्के सर्व प्रकारचा पदार्थ. विश्वाच्या प्रत्येक दिशेतील अंतरे दुप्पट झाली, की आकारमान आठपट होते आणि पदार्थाची घनता एक-अष्टमांश. कृष्ण ऊर्जेची घनता मात्र, ती साधी स्थिर असेल तर, तेवढीच राहते. मग ३० चे पावणेचार झाले आणि ७० चे ७०च राहिले. पदार्थाचा वाटा ५ टक्क्यांवर आला. उलट मागे जाऊन अंतरे निम्मी केली तर पदार्थ ३० चा २४० होतो आणि कृष्ण ऊर्जा ७० वरच. म्हणजे त्या काळी पदार्थाचा, पर्यायाने गुरुत्वाकर्षणाचा वरचष्मा होता. आधी प्रसरण मंदावणे आणि नंतर वेग घेणे, दोन्ही या तीन ओळींतून कळते. आठवीतला विद्यार्थीही हे करू शकतो.

डेव्हिस यांच्यावर टीका करायची तर ती भाकीत चुकल्याबद्दल करू नये. १९९४ मध्ये कुणालाच हे माहीत नव्हते, आणि महाआकुंचनाशिवायच्या शक्यताही त्यांनी पुस्तकात घेतल्या आहेत. माझी तक्रार मांडणीबद्दल आहे. पुस्तकाची सुरुवात पृथ्वीवर धूमकेतू आदळण्याच्या कल्पित प्रसंगाने होते. तो प्रसंग वाचनीय आहे, पण धूमकेतू आदळला तर पृथ्वीवरच्या जीवांचे हाल होतील. विश्वाला त्याची खबरही लागणार नाही. भीतीचे बोट धरून वाचकाला विषयात नेले, की शेवटच्या पानापर्यंत तो भीतीच शोधत राहतो. शिवाय शीर्षकाने एकच शेवट मनात ठसवला. त्या वयात मी इतर प्रकरणे वाचली, पण लक्षात राहिली ती शेवटची तीन मिनिटे.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनी लक्षात घ्यावी. ती तीन रेषांची आकृती अजूनही अनेक पुस्तकांत आणि तक्त्यांवर भेटते. ती फाडून टाकू नका. ‘१९९८ पूर्वी आपण असे समजत होतो’ असे तिच्याखाली लिहा, आणि चौथी, वर वळणारी रेषा मुलांकडून काढून घ्या.

प्रोटॉनचे आयुष्य कसे मोजतात?

तिसरे पुस्तक फ्रेड अ‍ॅडम्स आणि ग्रेग लाफलिन यांचे, ‘द फाइव्ह एजेस ऑफ द युनिव्हर्स’ (१९९९). या दोघांनी १९९७ मध्ये लिहिलेल्या विस्तृत शोधनिबंधाचे हे लोकांसाठीचे रूप. विश्वाच्या इतिहासाचे त्यांनी पाच कालखंड पाडले: आद्य युग, ताऱ्यांचे युग, विझलेल्या ताऱ्यांचे युग, कृष्णविवरांचे युग आणि अंधारयुग. काळ मोजायला त्यांनी दसपटीची पायरी घेतली. प्रत्येक पायरी आधीच्या दहापट. आपण आज दहाव्या पायरीवर, म्हणजे एकावर १० शून्ये इतक्या वर्षांच्या आसपास आहोत. घातांक शिकवायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

या पुस्तकातला कच्चा दुवा विझलेल्या ताऱ्यांच्या युगाच्या शेवटी आहे. श्वेत खुजे तारे थंड होऊन पडून राहिले, की पुढे काय? लेखकांचे उत्तर असे की, त्यांतले प्रोटॉनच हळूहळू क्षय पावतील. पण प्रोटॉनचा क्षय आजवर कुणीही पाहिलेला नाही.

इथे आपल्या देशाचा एक धडा आहे, आणि तो शिक्षकांना उपयोगी पडेल. १९७४ मध्ये मांडलेल्या एका सिद्धान्तावरून प्रोटॉनचे सरासरी आयुष्य एकावर ३० शून्ये वर्षे, या आसपास असावे असे दिसत होते. विश्वाचे वय अवघे १३.८ अब्ज वर्षे. मग हे तपासायचे कसे? दहा हजार वस्तीच्या गावात एका वर्षात किती माणसे वारतात, यावरून सरासरी आयुर्मानाचा अंदाज येतो. त्यासाठी कुणी एका माणसाच्या उशाशी ऐंशी वर्षे बसून राहत नाही. तसेच इथे. एक प्रोटॉन घेऊन युगानुयुगे थांबण्याऐवजी अगणित प्रोटॉन घेऊन काही वर्षे लक्ष ठेवायचे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी सहकाऱ्यांसह कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, सुमारे १४० टन लोखंड वापरून हाच प्रयोग १९८० च्या दशकात केला. इतके खोल जायचे कारण म्हणजे वरून येणाऱ्या विश्वकिरणांपासून बचाव. काही घटना प्रोटॉनच्या क्षयासारख्या दिसल्या आणि तसे जाहीरही झाले. पण अमेरिका आणि जपानमधल्या अधिक मोठ्या उपकरणांना तसे काही आढळले नाही. आज जपानच्या ‘सुपर-कामिओकांडे’ या पाण्याच्या प्रचंड टाकीतील निरीक्षणांवरून एवढे सांगता येते की, क्षयाच्या एका प्रमुख मार्गापुरते बोलायचे तर, प्रोटॉनचे आयुष्य २४ वर ३३ शून्ये इतक्या वर्षांपेक्षा अधिक आहे. किती अधिक, हे माहीत नाही. कदाचित तो अमरही असेल.

तो खरोखर अमर असेल तर विझलेल्या ताऱ्यांची गोष्ट पार बदलते. डायसन यांच्या गणिताप्रमाणे मग सगळा पदार्थ अतिशय संथपणे लोखंडात रूपांतरित होईल, आणि त्याला एकावर १,५०० शून्ये इतकी वर्षे लागतील. पाठ्यपुस्तकाच्या प्रकरणांसारखी पाच युगांची नावे छापून आली, की ती सगळी सारख्याच भक्कम पायावर उभी आहेत असा वाचकाचा समज होतो. ताऱ्यांचे युग मोजमापावर उभे आहे. कृष्णविवरांचे विरणे हे स्टीफन हॉकिंग यांच्या १९७४ च्या सैद्धान्तिक निष्कर्षावर उभे आहे. बहुतेकांना तो पटतो, पण खऱ्या कृष्णविवराबाबत त्याचे निरीक्षण झालेले नाही. आणि ते इतक्यात होणेही कठीण. सूर्याइतक्या वस्तुमानाचे कृष्णविवर आज भोवतालच्या प्रारणापेक्षा खूप थंड आहे, त्यामुळे ते विरण्याऐवजी किंचित वाढतेच आहे. त्याला पूर्ण विरायला एकावर ६७ शून्ये इतकी वर्षे हवीत. प्रोटॉनच्या क्षयाला मात्र निरीक्षणाचा काहीही आधार नाही. हे तीन दर्जे पुस्तकाने वेगवेगळे दाखवायला हवे होते. पुस्तक आले तेव्हा प्रवेगाचा शोध अगदी ताजा होता, त्यामुळे त्याचे सगळे परिणाम त्यात येणे शक्य नव्हते. पुढे २००० मध्ये लॉरेन्स क्रॉस आणि ग्लेन स्टार्कमन यांनी दाखवले की, कृष्ण ऊर्जा स्थिर असेल तर डायसन यांची अमर जीवांची युक्तीही चालत नाही.

मॅक यांचे पाच पर्याय

चौथे पुस्तक केटी मॅक यांचे, ‘द एंड ऑफ एव्हरीथिंग’ (२०२०). चौघांत सर्वांत वाचनीय हेच. लेखिकेचा आवाज मोकळा आहे, विनोद हलका आहे, आणि अवघड कल्पना त्या फार प्रामाणिकपणे उलगडतात. महाआकुंचन, औष्णिक मृत्यू, महाविदारण, निर्वाताचा क्षय आणि पुनरावर्तन असे पाच शेवट, आणि प्रत्येकाला एकेक प्रकरण.

माझी हरकत याच रचनेला आहे. प्रत्येक शेवटाला सारखी जागा मिळाली, की बहुपर्यायी प्रश्नासारखे वाटू लागते: ‘खालील पाचपैकी अचूक पर्याय निवडा.’ कोणता शेवट अधिक संभवनीय हे मॅक सांगतात, नाही असे नाही. पण रोमांचक पर्यायांच्या गर्दीत ते वाक्य हरवते. महाविदारणाचेच पाहा. कृष्ण ऊर्जेची घनता कायम न राहता वाढत गेली तर ती आधी दीर्घिका, मग सूर्यमाला, मग ग्रह आणि शेवटी अणूही फाडून टाकील, ही ती कल्पना. रॉबर्ट कॉल्डवेल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये त्याचे वेळापत्रकच दिले: २२ अब्ज वर्षांनी शेवट, त्याआधी तीन महिने सूर्यमाला सुटणार, अर्धा तास आधी पृथ्वी फुटणार. हा ‘अर्धा तास’ वाचकाच्या मनात घर करतो. पण तो आकडा एक विशिष्ट किंमत उदाहरणादाखल घेऊन काढलेला होता, आणि नंतरची मोजमापे त्या किमतीशी जुळत नाहीत. नमुन्याच्या गणिताचे उत्तर पंचांगातल्या मुहूर्तासारखे सांगितले जाऊ नये.

निर्वाताच्या क्षयाचे तसेच. आपले निर्वात सर्वांत खालच्या ऊर्जापातळीवर नसेल, तर कुठेतरी एखादा बुडबुडा निर्माण होऊन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पसरेल आणि वाटेतले सगळे संपवेल. सिडनी कोलमन यांनी १९७७ मध्ये याचे गणित मांडले. हिग्ज कण २०१२ मध्ये सापडला. त्याचे वस्तुमान आणि टॉप क्वार्कचे वस्तुमान एकत्र पाहिले तर आपले निर्वात अशा काठावर असावे असे दिसते. पण या निष्कर्षासाठी आजचा कणसिद्धान्त, प्रयोगांच्या आवाक्याबाहेरच्या प्रचंड ऊर्जांपर्यंत, जसाच्या तसा लागू धरावा लागतो. आणि तसा तो धरला तरी अपेक्षित काळ विश्वाच्या आजच्या वयाच्या कल्पनातीत पटींत येतो.

हे मी एवढ्या आग्रहाने का सांगते? १० सप्टेंबर २००८ रोजी जिनिव्हाजवळचा महाकाय कणवेगवर्धक सुरू झाला, तेव्हा आपल्याकडच्या काही वृत्तवाहिन्यांनी ‘जगाचा अंत’ म्हणून दिवसच्या दिवस कार्यक्रम चालवले. लहान मुले घाबरली होती. माझ्या शेजारच्या चौथीतल्या मुलीने आदल्या रात्री आईला सोडले नव्हते. तिला मी जे सांगितले ते कुठल्याही शिक्षकाला सांगता येईल. वेगवर्धकात होणाऱ्या टकरींहून अधिक ऊर्जेच्या टकरी विश्वकिरणांमुळे पृथ्वीवर, चंद्रावर आणि सूर्यावर अब्जावधी वर्षे होत आल्या आहेत. तरी पृथ्वी, चंद्र, सूर्य जागेवर आहेत. पीट हूट आणि मार्टिन रीस यांनी १९८३ मध्ये मांडलेला हा युक्तिवाद आहे. त्यासाठी वेगळे गणित लागत नाही.

शब्दांची काळजी

मराठीत या विषयावर लिहिणाऱ्या आम्हा लोकांचेही काही चुकते. ‘हीट डेथ’चे भाषांतर आपण ‘औष्णिक मृत्यू’ असे करतो. मीही वर तेच केले. पण मुलांना विचारून पाहा: ‘उष्णतेने मृत्यू’ म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे जळणारे विश्व येते. प्रत्यक्षात अर्थ नेमका उलटा आहे. सगळीकडे तापमान सारखे होते, उष्णता कुठून कुठे वाहायची राहत नाही, म्हणून काहीही काम होऊ शकत नाही. केल्विन आणि हेल्महोल्ट्झ यांनी १८५० च्या दशकात मांडलेली ही कल्पना आहे. ‘सर्वत्र समान थंडावा’ असे साधे म्हटले तरी चालेल.

‘प्रलय’ हा शब्दही जपून वापरावा. त्यात पाणी आहे, कोप आहे, शिक्षा आहे. विश्वाच्या शेवटात यांपैकी काहीच नाही. पुराणांत ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा सांगितला आहे आणि पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे निघाले, म्हणून ‘आपल्याकडे हे आधीच माहीत होते’ असे वर्गात हमखास कुणीतरी म्हणते. मोठ्या कालगणनेची कल्पनाशक्ती आपल्या पूर्वजांकडे होती, याचा आनंद जरूर मानावा. पण ४५४ कोटी हा आकडा खडकांतील आणि उल्कांतील युरेनियम व शिसे मोजून आला आहे, आणि तो पुन्हा मोजून पाहता येतो. हा फरक मुलांना सांगितलाच पाहिजे.

पुन्हा मागच्या बाकाकडे

या चार पुस्तकांनंतरही गोष्ट थांबलेली नाही. अमेरिकेतील अ‍ॅरिझोनामधल्या ‘डेसी’ या उपकरणाने दीड कोटीच्या आसपास दीर्घिका आणि क्वेसार यांची अंतरे मोजली. त्याच्या २०२४ आणि २०२५ च्या निष्कर्षांतून असा इशारा मिळतो की, कृष्ण ऊर्जा स्थिर नसून काळाबरोबर क्षीण होत असावी. शोध लागला असे म्हणण्यासाठी पदार्थवैज्ञानिक जी कसोटी लावतात, ती यात अजून पार झालेली नाही. पण हे खरे निघाले आणि क्षीण होता होता कृष्ण ऊर्जेची दिशाच उलटली, तर पुन्हा आकुंचनाची शक्यता उभी राहते. म्हणजे माझे अकरावीतले भाषण फेकून द्यायची मी घाई केली, असेही ठरू शकेल!

२० मे २०२५ रोजी पुण्यात जयंत नारळीकर यांचे निधन झाले. फ्रेड हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या विश्वप्रतिमेत विश्वाला सुरुवातही नव्हती आणि शेवटही. बहुसंख्य वैज्ञानिकांना ती पटली नाही. मलाही निरीक्षणांच्या आधारे महास्फोटाचीच बाजू भक्कम वाटते. पण एखादी गोष्ट सगळे मानतात एवढ्यावरून ती सिद्ध धरू नये, हा त्यांचा आग्रह मराठी वाचकांनी चाळीस-पन्नास वर्षे ऐकला आहे. मागच्या बाकावरच्या सरांचा प्रश्न त्याच आग्रहातून आला होता, असे मला आता वाटते.

त्यांना आज उत्तर द्यायचे झाले तर मी असे देईन. सर, विश्वास सगळ्यावर सारखा ठेवायचा नाही. सूर्य आणखी सुमारे ५ अब्ज वर्षे जळेल, यावर भरपूर ठेवा. तारे एक दिवस विझतील, यावर जवळपास तितकाच ठेवा. कृष्णविवरे विरतील, यावर थोडा राखून ठेवा. प्रोटॉनचा क्षय, महाविदारण, निर्वाताचा बुडबुडा यांबाबत ‘असे असेल तर असे होईल’ एवढेच मुलांना सांगा. आणि कृष्ण ऊर्जा पुढे कशी वागेल, यावर सगळ्याचा शेवट ठरणार असल्याने, ‘ते अजून मोजणे चालू आहे’ असे फळ्यावर लिहा.

पुस्तकांपैकी एकच घ्यायचे असेल तर शाळेच्या ग्रंथालयात मॅक यांचे घ्या. ते ताजे आहे आणि बारावीच्या मुलांना झेपेल. वाचताना प्रत्येक प्रकरणाच्या समासात पेन्सिलीने एक अक्षर लिहायला सांगा: मोजलेले असेल तर ‘मो’, सिद्धान्तावरून काढलेले असेल तर ‘सि’, आणि कल्पना असेल तर ‘क’. मुलांची अक्षरे एकमेकांशी जुळणार नाहीत. त्यावर वर्गात जो वाद होईल, त्यासाठी एक जादा तास राखून ठेवा.